ग्लॅडिओलसची बांधी

२७ जानेवारी. सकाळ. (अकरा वाजले, पण सकाळच.)

डायरी गेल्या वर्षीची आहे. अड्याळच्या कृषी केंद्रात फुकट मिळाली, पानापानावर कीटकनाशकाची जाहिरात. वार जुळणार नाहीत, तारखा जुळतील. मोठी माणसं वाराकडे बघत नाहीत.

काल आईच्या अंगणवाडीत झेंडावंदन. पाहुण्यांचं स्वागत नेहमीच्या बुकेने. प्लास्टिकचा. जिल्हा फुटला त्या वर्षी आईने घेतला होता. गोंदिया वेगळा झाला, बुके आमच्याकडे राहिला. तेव्हापासून जितके साहेब आले तितक्यांच्या हातात जाऊन आला. फोटो निघाला की आई हळूच म्हणते, "द्या सर, मी ठेवते," आणि फडक्याने पुसून परत कपाटात, वजनकाट्याच्या बाजूला. साहेबांची बदली होते. बुकेची होत नाही.

काल सुपरवायझर रत्नमाला मॅडमनी जाहीर केलं की शकुनबाई ३० एप्रिलला रिटायर होऊन राहिल्या, जोरदार निरोप देऊ. आई म्हणाली, "जोर कायले लावता मॅडम. फक्त मले हा बुके नका देऊ. मले एक डाव खरं फूल द्या." सगळ्या सेविका हसल्या. आईही हसली. पण हसताना तिने बुकेकडे पाहिलं नाही.

मी उभा राहिलो. म्हटलं, स्टेजभर फुलं आणि आईचा बुके, सगळं माझ्या बागेतून. टाळ्या. मॅडमनी तिथल्या तिथे फुलांची वर्गणी रद्द केली. बाग कुठे आहे हे कोणी विचारलं नाही. बरं झालं.

२८ जानेवारी

बाग सापडली. बोडीच्या तळ्याखालची आमची लहान बांधी, डोमाकाकांच्या बांधीला लागून. दिवाळीत धान निघाला तेव्हापासून रिकामी.

पीक ठरलं: ग्लॅडिओलस. कॉलेजच्या मित्राकडून एका पुस्तिकेची झेरॉक्स मिळाली. पान ६ ते ९ निघालेच नाहीत, पण हुशार माणसाला चार पानं कमी पडली तर काही बिघडत नाही. फोटो झेरॉक्समध्ये काळेकुट्ट आले. "पाने तलवारीसारखी" एवढं वाचता येतं. पुरे.

डोमाकाकांना सांगितलं की हे पीक आपल्या जिल्ह्यात कोणीच करत नाही. ते म्हणाले, "कोनीच करत नाही म्हनजे काही तरी कारन असंल ना बाप्पा." हा आपल्याकडचा प्रॉब्लेम. कारणं शोधत बसतात.

आईने मशरूमची आठवण काढली. मशरूम आला होता. फक्त पिशवीत यायचा तो भिंतीवर आला. आणि बटेरं उडाली त्यात माझा दोष नव्हता, पक्षी उडतातच.

संकल्प: उद्यापासून पहाटे साडेपाच.

२९ जानेवारी

८.४०. मोबाईलचा अलार्म फार हळू वाजतो.

२ फेब्रुवारी

नागपूरहून तीनशे कंद आणले. दिसायला कांद्यासारखे. आई म्हणाली, "एवढे कांदे कायले आनले? तेही सुकलेले." तिला कांदा आणि कंद यातला फरक समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं, आणि एक कंद घेऊन वास घेतला. रात्री थैली खाटेखाली ठेवली. फोडणीपासून संरक्षण.

५ फेब्रुवारी

लेबर मिळालं. निर्मलाबाईची टोळी डोमाकाकांच्या बांधीत उन्हाळी धानाचे परे रोवून राहिली होती. परे म्हणजे धानाची ती वीतभर रोपं. गुडघाभर चिखल, वाकलेल्या कमरा, आणि तोंडानं अख्ख्या गावाची चौकशी. मी धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, बोललो. आत उतरलो असतो, पण बूट नवे होते.

म्हटलं, उद्या माझ्या बांधीत हे रोवून द्या. निर्मलाबाई म्हणाली, "कसं रोवाचं जी अनुपभाऊ?" मी म्हटलं, जसं रोवता तसंच, फक्त लाईन सरळ पाहिजे. ती म्हणाली, "तुम्ही राहान ना उद्या?" मी म्हटलं, मला भंडाऱ्याला जायचं आहे, व्हिजिटिंग कार्ड छापायचे आहेत.

मॅनेजमेंट म्हणजे हेच. काम ज्याचं त्याला.

६ फेब्रुवारी. संध्याकाळ.

कार्डं सुंदर आली. "शकुन फ्लोरिकल्चर. प्रोप्रा. अनुप, बी.एस्सी." दोनशे नग.

बसमधून उतरून थेट बांधीवर. बघतच राहिलो. डोमाकाकांकडून पाणी घेऊन बायांनी बांधी लोण्यासारखी चिखलली होती, आणि काय लाईनी! फूटपट्टी ठेवा. आणि आश्चर्य: लावल्या दिवशीच हिरवे कोंब! वीतभर! पुस्तिकेत कोंबाला दहा-बारा दिवस लिहिले आहेत. आपल्या मातीत दम आहे, लोकांना किंमत नाही.

निर्मलाबाई सांगत होती, "कांदे पुरलेच नाही ना भाऊ, बांधी उघडी दिसे, मंग डोमाजीचे परे उरले होते ते..." मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, पुढचं टेक्निकल मला माहीत आहे. ती माझ्याकडे बघून "बरं" म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. तोंड बराच वेळ पुसत होती.

१० फेब्रुवारी. पहाट ५.३०. (खरंच.)

लोडशेडिंगमुळे मोटारपंप पहाटेच चालतो. पाणी डोमाकाकांच्या बांधीतून माझ्या बांधीत उतरतं, म्हणून दोघांनी सोबतच उठायचं असं ठरलं. डोमाकाका म्हणाले, "पानी तोडू नको बाबू. मस्त फुटते." बघा, विरोधक सल्लागार झाले.

उठलो तेव्हा आई जागीच होती. तिने चहा दिला. एकोणतीस वर्षांत पहाटेचा चहा मी पहिल्यांदा घेतला. चव वेगळी असते.

१९ फेब्रुवारी

पानं तलवारीसारखी. मॅच. थोड्या बारीक तलवारी आहेत, पण तलवारीच.

बांधीत जरा वास येतो. एका जागी बोट घालून पाहिलं. कंद पूर्ण विरघळलेला, बोटाला घाण लागली. आधी घाबरलो. मग डोकं चालवलं: कंद स्वतः सडून कोंबाला जगवतो. आईपण म्हणतात ते हेच. मन भरून आलं. घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "हात धू आधी."

२८ फेब्रुवारी

बाबा आले. ते तुमसरच्या राईस मिलमध्ये दिवाणजी, महिन्यातून दोनदा घरी. मूठभर तांदूळ हातात घेऊन गाव सांगतात, अशी त्यांची ख्याती. अशा माणसाला फुलशेती दाखवणं कठीण, पण दाखवली. आईही सोबत आली.

धुऱ्यावर वाकून त्यांनी एक पान बोटांत धरून बघितलं. मग म्हणाले, "हजार दहा आहे का?"

हजार दहा हा धानाचा वाण. बाबांना सगळीकडे धानच दिसतो, बिचारे. मी शांतपणे सांगितलं, बाबा, धान आणि ग्लॅडिओलस दोन्ही मोनोकॉट. पानं सारखी दिसणारच. ज्याला बॉटनी येत नाही त्याला हे धानच वाटेल. बाबांनी आईकडे पाहिलं. आईने बोडीवरच्या पळसाकडे पाहिलं. पळस फुलला होता, पण इतकं बघण्यासारखं काही नव्हतं. मग दोघं घरी गेले.

मी उशिरा घरी पोचलो तर सयपाकघरातून हसण्याचा आवाज. मी आत गेलो की बंद. खूप दिवसांनी दोघं असे हसले. फुलशेतीचा घराच्या वातावरणावर परिणाम होतो, हे पुस्तिकेत टाकायला पाहिजे.

१२ मार्च

आज स्वतः निंदण केलं. चिखलात उतरलो. बूट आता जुने झाले, त्यामुळे अडचण नाही.

बांधीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे जमीन थोडी उंच आणि कोरडी आहे, तिथे सात तण निघाले. विचित्र प्रकार. रुंद, कडक पानं, हातपंख्यासारखी पसरलेली, माझ्या नाजूक रोपांची जागा खाऊन बसलेली. मुळाशी गाठ. सातही उपटून धुऱ्यावर फेकले. पूर्वी मला पीक आणि तण यात फरक कळत नव्हता. आता नजर बसली.

संध्याकाळी आई अंगणवाडीतून येताना तिकडून आली. धुऱ्यावर वाकून काहीतरी बघत होती. म्हटलं, काय शोधून राहिली? म्हणाली, "काही नाही. हे तू फेकलं का?" म्हटलं, हो, तण आहे. "बरं," म्हणाली. एक उचलून पदरात घेतलं. बकरीसाठी असेल. आमच्याकडे बकरी नाही, पण शेजारी आहे.

२५ मार्च

मार्केटिंग. अड्याळच्या बाजारात कार्डं वाटली. एकूण तेरा. एकाने मागच्या बाजूला भाजीची यादी लिहिली, माझ्या डोळ्यासमोर. मंडप डेकोरेशनवाल्या भुपेंद्रला ऑफर दिली: लग्नाचा सीझन, ताजे कट फ्लॉवर, डायरेक्ट शेतातून. तो म्हणाला, "पहले फूल तो दिखाओ भाऊ. कार्ड तो मेरे पास भी है." या माणसाला व्हिजन नाही. मंडप आहे, व्हिजन नाही.

चांगली बातमी: सलग चव्वेचाळीस दिवस साडेपाचला उठलो. एक दिवस तर पाच पंचवीसला. आई शेजारणीला सांगत होती, ऐकू आलं.

८ एप्रिल

ऊन भयंकर. माणसं सुकून राहिली, माझी झाडं मात्र हिरवीगार. पुस्तिकेत "जास्त उष्णता सोसत नाही" असं आहे. पुस्तिका पुण्याची आहे.

दांड्याची वरची बाजू फुगली. डोमाकाका म्हणाले, "पोटरीवर आला तुझा." मला शब्द आवडला. कळी आत आहे, पोटुशी झाडं. रत्नमाला मॅडमना फोन करून सांगितलं, स्टेज मोठा बांधा. त्या म्हणाल्या, "बाईंचा मुलगा करून राहिला म्हणजे आम्ही निश्चिंत." फोन ठेवल्यावर दोन तांबे पाणी प्यायलो. उन्हामुळे.

१४ एप्रिल

जयंती. पहिला तोडा बाबासाहेबांच्या फोटोला वाहीन असं मी मार्चमध्ये पंचवीस लोकांसमोर बोललो होतो. पंचवीसही लोक हजर होते. स्मरणशक्तीच्या बाबतीत आमचं गाव पुढे आहे.

हार अड्याळहून आले. एका पोरीने विचारलं, "दादा, तुमचे फुलं कुठी आहेत?" मी म्हटलं, फुलं आपली वेळ निवडतात. आई बाजूला मेणबत्त्या लावत होती. तिने एक मेणबत्ती माझ्या हातात दिली. म्हणाली, "हे लाव. हे पेटते."

२१ एप्रिल

आली! तुरे बाहेर आले!

निरीक्षण: हिरवे, बारीक, असंख्य दाणे, खाली झुकलेले. त्यातून अगदी छोटे पांढरे तंतू लोंबतात. म्हणजे फुलं पांढरी. आकार मोहरीपेक्षा लहान. पुस्तिकेत एका दांड्याला बारा ते सोळा फुलं लिहिली आहेत. मी एक दांडा मोजला: एकशे बारा.

आकार लहान, संख्या मोठी. लोकशाही.

प्रश्न एकच, बुकेत लांबून दिसतील का. पहिल्या रांगेतल्यांना दिसतील. व्हीआयपी पहिल्या रांगेतच बसतात.

२६ एप्रिल

चिमण्यांचा थवाच्या थवा. ग्लॅडिओलस खातात. डोमाकाकांनी बुजगावणं उभं केलं, त्यांच्या बांधीत, पण तोंड अर्धं माझ्याकडे करून. चांगला माणूस.

दुपारी धुऱ्यावर बसलो. डावीकडे त्यांची बांधी, उजवीकडे माझी. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. परत डावीकडे. तोच हिरवा, तोच तुरा, तेच झुकणं. वारा आला तर दोन्ही बांध्या सोबत हलल्या.

एक तुरा इकडचा, एक तिकडचा, शेजारी धरून पाहिला.

निष्कर्ष: डोमाकाकांनी माझी कॉपी केली. गुपचूप ग्लॅडिओलस लावला असावा. या गावात नवीन कल्पना सुरक्षित नाही.

२८ एप्रिल

निर्मलाबाई दारात. "अनुपभाऊ, कापनीले कधी येऊ? डोमाजीचा बारा-तेरा तारखेले आहे. तुमचा संगंच उरकून टाकू. एकच धान तं आहे."

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

२९ एप्रिल

धान आहे.

२९ एप्रिल. दुपार.

अड्याळ: गुलाब नाही, झेंडू सगळा लग्नांना बुक. भुपेंद्रने माझंच कार्ड मला दाखवलं आणि विचारलं, "आप के शेत में नहीं है क्या?" भंडारा: सहा गुलाब मिळाले. परतीच्या बसमध्ये खिडकीतून भट्टीचा वारा. उतरलो तेव्हा कागदात चहापत्ती होती.

उद्या स्टेजभर फुलं. माझ्या बागेतून. माझेच शब्द, माईकवर.

३० एप्रिल. पहाट ५.३०.

विळा घेऊन गेलो. सर्वांत उंच तुरे निवडून मोठी पेंढी कापली. सेलोफेन गुंडाळला, लाल रिबीन. लांबून बघितलं, वाईट नाही. याला कन्सेप्ट बुके म्हणता येईल. मातीशी नातं वगैरे. भाषणात बसवतो.

३० एप्रिल. रात्री ९.

भाषण बसवलं नाही.

स्टेज मोठा होता, मीच बांधायला लावला होता. वर फुलं शून्य. रत्नमाला मॅडमनी एकदा स्टेजकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सवयीने कपाट उघडून प्लास्टिकचा बुके काढला आणि आईच्या हातात दिला. फोटो निघाला. आईने सवयीने फडकं काढलं, बुके पुसला, स्वतःच नेऊन वजनकाट्याच्या बाजूला ठेवला. तेहतीस वर्षांची नोकरी, आणि स्वतःच्या निरोपाचा बुके तिने स्वतः जमा करून घेतला. कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

मग माईकवर माझं नाव. मी पेंढी घेऊन गेलो. सगळं गाव धानातलं, पहिल्या रांगेपर्यंत पोचायच्या आत सगळ्यांनी ओळखलं. मागून कोणीतरी म्हणालं, "लोंबी आहे बे!" पुढचं ऐकू आलं नाही, हसण्यात बुडालं.

आईने पेंढी घेतली. सेलोफेन बाजूला केला. एक दाणा तोडून नखात दाबला. पांढरा थेंब आला. म्हणाली, "दुधात आहे ना रे अजून. कापला कायले? पंधरा दिवस थांबला असता तं भरला असता." माईक चालू होता.

मी हळूच म्हटलं, तुला पहिल्यापासून माहीत होतं? म्हणाली, "निर्मलाबाईनं त्याच दिवशी सांगतलं." मग सांगितलं काहून नाही? आईने माईक बंद केला. तो बंद करता येतो हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, "तू रोज साडेपाचले उठून राहिला होता. सांगतलं असतं तं पुन्हा झोपला असता."

मग म्हणाली, "चल, तुले काही दाखवाचं आहे."

अंगणवाडीच्या मागे, पाण्याच्या माठाखाली, जिथे दिवसभर थेंब थेंब गळतं, तिथे पत्र्याचा तेलाचा डबा. डब्यात माती. मातीत रुंद, कडक पानं, हातपंख्यासारखी. मधून एक उंच दांडा, आणि त्यावर खालून वर फुलं. लाल. तळहाताएवढी. चार उमललेली, वरच्या कळ्या बाकी.

मी विचारलं, हे कोणतं फूल?

आई म्हणाली, "तुलेच ठाव. तुझं तण आहे."

पुस्तिका खिशात होती. काढली नाही.

आईने त्यातलं एकही फूल तोडलं नाही. उद्यापासून येणाऱ्या नव्या सेविकेसाठी डबा तिथेच राहू दे म्हणाली, फक्त पाणी द्यायला सांगा. मग बाबांना हाक मारून डब्याजवळ उभी राहिली आणि फोटो काढायला लावला. पेंढी हातात धरूनच. सोडली नाही.

१ मे

साडेपाचला जाग आली. आज उठायचं काही कारण नव्हतं. आई झोपली होती. मी जन्मल्यापासून पहिल्यांदा तिला या वेळी झोपलेलं पाहिलं. चहा मीच केला. आईसारखा झाला नाही.

उरलेली १८७ कार्डं आईने काल रात्रीच मागून घेतली. डाळीच्या डब्यांवर नावं लिहायला मागची बाजू कोरी आहे म्हणे.

बांधीवर गेलो. मोटार चालू केली. डोमाकाका धुऱ्यावर दातून करत होते. विचारलं, "फुलाईले पानी देऊन राहिला का अनुप?"

मी म्हटलं, "नाही काका. धानाले."